स्टेनलेस

एप्रिलातलं ऊन शेडच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतं.
तिथेच आर्वेत स्टुलावर बसतो,
उजवा हात मांडीवर,
कुणी सांभाळायला दिल्यासारखा.
मी झिगुलीखाली, पुठ्ठ्यावर उताणी.

अडतीस हिवाळे सारेमाच्या रस्त्यांवर
ही गाडी मीठ खात आली
आणि खाल्ल्या मिठाला जागली.
मडगार्डला बोट लावलं तरी पापुद्रा निघतो.
बोल्टची डोकी चोखून टाकलेल्या गोळ्यांसारखी:
दहाचा पाना नुसताच फिरतो,
नऊचा चढत नाही.

"रात्री तेल सोडलंस?"
सोडलं.
"दोनदा?"
मी गप्प.

पहिला तुटला. डोकं पान्यात, धड आत.
दुसरा तुटला.
तिसऱ्याला तो म्हणाला, थांब,
आवाज बदलला.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
पाव फेरा मागे घे. आता पुढे. परत मागे.
भांडायला आलेल्या पाहुण्याला
बोलत बोलत दारापर्यंत न्यावं, तसा
तो बोल्ट बाहेर आला,
आट्यांत तांबडा भुगा घेऊन.
सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात;
इथे उलटंच, पीळ विरघळलेला
आणि सुंभ शाबूत.

नवे बोल्ट कुरेसारेहून आणले.
कागदी पिशवीत चाळीस नग, जड, थंड,
सुऱ्या-चमच्यांच्या खणासारखा आवाज.
दुकानातल्या उर्मेतने पैसे मोजताना विचारलं,
गाडी अजून किती वर्षं ठेवणार, हिल्या?
मी म्हटलं, बोल्ट राहतील,
त्यांच्याभोवतीची गाडी जाईल.
तो हसला नाही. उरलेली नाणी ओंजळीत दिली.

"चाकाजवळच्यांना हात लावू नकोस.
भार पेलायचा तिथे साधं पोलादच.
हे चकचकीत असतं, पण मऊ.
मानेत मोडतं."
इतकं सलग तो नोव्हेंबरनंतर
पहिल्यांदाच बोलला.
शब्द थोडे घसरत होते, पण आटे धरत होते.
"आणि कोरडे फिरवू नकोस.
स्टेनलेसला स्टेनलेस असं चिकटतं
की मग कापावंच लागतं."
मी तांब्याचं मलम लावलं, प्रत्येकाला,
करंगळीने.
त्रेचाळीस वर्षांत आम्हाला कुणी लावलं नाही
ते मलम, असं मनात आलं.
बोलले नाही.

सतरावा निसटला.
दाराखालच्या पोकळ पट्टीत
टणटण करत गेला आणि बसला कुठेतरी.
दोरीला बांधलेलं लोहचुंबक मी आत सोडलं.
वर आलं काय काय:
एक जुना नट, एक वायसर,
हियुमाच्या बर्फरस्त्यावर आम्ही
पट्टे सोडून, दारं किलकिली ठेवून जायचो,
तेव्हाची कसलीशी क्लिप,
आणि गंजाची दाढी.
नवा बोल्ट नाही.
"त्याला चुंबक धरत नाही," आर्वेत म्हणाला,
आणि स्टुलावरून उठला.

माझा हात जाईना.
त्याचा गेला. उजवा.
हिवाळाभर वाळून त्याचं मनगट
मुलाच्या मनगटाएवढं झालं होतं.
मी कोपर धरून आत ढकलत होते,
बोळात अडकलेलं फडकं ढकलावं तसं,
आणि तो माझ्या खांद्यावर गाल टेकून
कुठे बघायचं ते न कळल्यासारखा
छताकडे बघत होता.

मग म्हणाला, "गार आहे."

काय?

"गार आहे. बोल्ट."

बोटं मिटली नाहीत. मिटणार नव्हतीच.
बराच वेळ त्याने ती तिथेच ठेवली.
बाहेर शेजारच्या लाइनेची कोंबडी
शेडमध्ये डोकावून गेली.

"राहू दे आत," तो म्हणाला. "गंजायचा नाही."

एकोणचाळीस लागले.
आता चर्चच्या वळणावर तो खुळखुळतो.
दरवेळी आर्वेत
उजवा हात मांडीवरच
थोडासा पालथा करतो.